मॅक्‌ग्रेगरची पत

बँकेत नाव म्हणजे निम्मा माणूस. उरलेला निम्मा म्हणजे सही. दोन्ही जुळली नाहीत तर खातेदार समोर घाम पुसत उभा असला तरी आम्ही त्याला ओळखत नाही. त्यामुळे आडनावांच्या इतिहासाबद्दल मला धंदेवाईक आस्था आहे. त्यात स्कॉटलंडच्या मॅक्‌ग्रेगर मंडळींनी तर मला पार चक्रावून सोडलं.

'मॅक' म्हणजे मुलगा. मॅक्‌ग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. ग्रेगर हे मूळ ग्रीक नाव. अर्थ 'जागा, सावध'. थोडक्यात, रात्रपाळीच्या वॉचमनला शोभावं असं आडनाव!

१६०३ साली या सावध मंडळींनी ग्लेन फ्रूनच्या खोऱ्यात शेजारच्या घराण्याची पुष्कळ माणसं कापली. राजा सहावा जेम्स असा भडकला, की त्याने आडनावालाच शिक्षा ठोठावली. मॅक्‌ग्रेगर नाव लावाल तर देहदंड! झालं, कुणी कँपबेल झाले, कुणी मरे, कुणी ड्रमंड. हत्यार म्हणून जेवणातलं मांस कापायला बिनटोकाची सुरी तेवढी चाले. १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये पुन्हा बसली आणि कायमची उठली ती १७७४ साली. नाव-दुरुस्तीच्या अर्जाला महिना लागला म्हणून काउंटरवर तावातावाने बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीमुळे गाजलेला रॉब रॉय याच कुळातला. सही करताना तो आईचं आडनाव लावी, कँपबेल. गुरांचा व्यापार, थकलेलं कर्ज, मागे लागलेला सावकार ड्यूक, सगळं यथासांग होतं. १७३४ मध्ये तो गेला तेव्हा कागदोपत्री मॅक्‌ग्रेगर नव्हता. लोकांच्या तोंडी मात्र दुसरा कुणीच नव्हता.

बंदी उठल्यावर बारा वर्षांनी ग्रेगर मॅक्‌ग्रेगर जन्मला. व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्ययुद्धात हा सेनापती झाला आणि मग लंडनमध्ये मध्य अमेरिकेतल्या 'पोयाइस' देशाचा संस्थानिक म्हणून मिरवू लागला. जमिनीचा कागद होता; देश नव्हता! तरी १८२२ मध्ये त्या देशाच्या नावाने दोन लाख पौंडांचे रोखे निघाले. पोयाइस बँकेच्या नोटाही छापल्या. खरे पौंड देऊन कित्येकांनी त्या घेतल्या. सुमारे अडीचशे माणसं जहाजांत बसून निघाली आणि उतरली ती थेट जंगलात. ताप आणि हालअपेष्टा यांनी निम्म्याहून अधिक मेली. जे परतले, त्यांतल्या काहींनी चक्क त्याचीच बाजू घेतली: साहेब चांगले हो, हाताखालची माणसं वाईट! हे वाक्य कुठल्या ऑफिसात ऐकू येत नाही, सांगा.

पत म्हणजे काय, ते वाणिज्य शाखेच्या पुस्तकांपेक्षा मला इथे नीट कळलं. शेकडो साध्या माणसांनी कागदाचा कपटा हाती नसताना पिढ्यान्‌पिढ्या एक नाव घरात जपलं. त्याच नावाच्या एका माणसाने सुबक छापील कागदांवर नसलेला देश विकला, आणि १८४५ मध्ये कराकसला तो वारला तो सेनापतीचं पेन्शन खात, लष्करी इतमामाने.

'सावध' हा इशारा त्याच्या नावातच होता, तोही दोनदा. पण रोखे घेताना आडनावाचा अर्थ कोण विचारतो?