मिशाळ आई

आमच्या जानेफळाकडे, किंबहुना साऱ्या वऱ्हाडात, एकत्र कुटुंबांतून एक रीत असे. वडीलधाऱ्यांदेखत बापाने स्वतःचे मूल उचलून घ्यायचे नाही. भावाचे घ्यावे, बहिणीचे घ्यावे. आपले मात्र नाही. बाप निष्ठुर होता म्हणून नव्हे. एका चुलीवर पंधरा माणसे जेवायची. तिथे जो तो आपलेच पोर कुरवाळू लागला तर घर दुभंगायला कितीसा वेळ? म्हणून बापाने माया पोटात ठेवली आणि डोळ्यांत दरारा. आईही मग त्या दराऱ्याचाच आधार घेई : “थांब, येऊ दे तुह्या बापाले!”

पण आई मऊ आणि बाप कडक, हे काही निसर्गाने ठरवलेले नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आठवा. पोहण्याच्या भीतीने श्याम दडून बसतो, तेव्हा शिंपटी हाती घेते ती आईच; आणि पोहून आल्यावर दही खायला देते तीही आईच. रागावणारा हातच पुन्हा पाठीवरून फिरला, की मुलाला रागाचा अर्थ उमगतो. त्या रीतीतल्या बापाला ही दुसरी मुभाच नव्हती.

ती मुभा स्वतः घेणारा एक बाप गुजरातेत निघाला. गिजुभाई बधेका हे पेशाने वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला वाढवावे कसे, हा प्रश्न त्यांना कोर्टातल्या दाव्यांहून मोठा वाटू लागला. त्यातच माँटेसोरीबाईंचे पुस्तक हाती आले. या बाईंनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत बालगृह काढले होते. हाताजोगे काम मिळाले की लहान मूल धाकावाचून त्यात रमते, हे त्यांनी तिथे पाहिले. गिजुभाईंनी वकिली सोडली आणि १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उघडले. गाणी, गोष्टी, नाटके यांनी ते गजबजले; छडीला तिथे थारा नव्हता. लोक गिजुभाईंना ‘मूछाळी मा’ म्हणू लागले, म्हणजे मिशाळ आई!

१९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. त्यांचा संसार आपल्या वऱ्हाडातला, अमरावतीचा. पण पतीपासून त्या वेगळ्या झाल्या होत्या आणि लहान लेक पदरी होती. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. गिजुभाई १९३९ मध्ये गेले. ताराबाईंनी काम पुढे नेले. १९४५ पासून बोर्डीला अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ पासून देशभर निघालेल्या अंगणवाड्यांमागे ही वाट आहे.

आता एकत्र कुटुंबे थोडी उरली. मूल उचलले म्हणून बापाकडे डोळे वटारणारे कोणी नाही. तरीही पुष्कळ घरांत बापाचे नाव अजून धाकापुरतेच घेतले जाते. रीत गेली, तिची सावली राहिली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे पोरांना तेल-उटणे लावायला बहुधा आईच बसते. यंदा ती वाटी बापाने हाती घ्यावी. मिशा असल्या तरी हरकत नाही.