दहा नंबरचा सदरा

आमचे सुलतानपूर हे काही फुटबॉलचे गाव नव्हे. लोणारचे विवर पाहायला निघालेले प्रवासी आमच्या फाट्यावर चहापुरते थांबतात, एवढीच आमची बाहेरच्या जगाशी ओळख. कबड्डी, व्हॉलिबॉल आणि अलीकडे क्रिकेट हे आमचे खेळ. मी मास्तर होतो त्या शाळेत एक फुटबॉल होता खरा. पण तो बहुतेक कपाटावरच बसून असे आणि पंधरा ऑगस्टला पोरांच्या हाती लागे. अशा गावातल्या माणसाने राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या एका हंगामाची हकीगत सांगायला बसावे, याचे वाचकांना नवल वाटेल. त्याला कारण झाला एका विद्यार्थ्याचा प्रश्न.

डिसेंबर 2004 ची गोष्ट. सोमवारची सकाळ होती. एस.टी.ने आलेले वर्तमानपत्र मी स्टँडवरच्या हॉटेलात उघडले. शेवटून दुसऱ्या पानावर, क्रिकेटच्या मजकुराखाली, एक चौकट होती. आदल्या दिवशी, 5 डिसेंबरला, बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना झाला होता. गोव्याच्या धेंपो संघाने कोलकात्याच्या मोहन बागानवर 2–0 असा विजय मिळवला. दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या पंचवीस वर्षांच्या ब्राझिलियन खेळाडूचे. दुसरा गोल करताना धावत आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो मैदानावरच कोसळला आणि इस्पितळात नेल्यावर त्याला मृत घोषित करण्यात आले.

सातवीतला एक मुलगा माझ्या खांद्यावरून ती बातमी वाचत होता. तो म्हणाला, "गुरुजी, माणूस मेल्यावर त्याचा गोल धरतात का हो?"

मी म्हणालो, "धरतात, बाळा." पण एवढ्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. पुढे कित्येक महिने मी वर्तमानपत्राचे ते पान आधी उघडू लागलो.

आपल्या देशात फुटबॉलच्या स्पर्धा फार जुन्या. ड्युरँड 1888 सालची, मुंबईचा रोव्हर्स चषक 1891 सालचा, संतोष चषक 1941 सालचा, आणि फेडरेशन चषक 1977 सालचा. परंतु या बहुतेक सर्व चषकांच्या स्पर्धा. आज हरला तो उद्या घरी गेला. आमच्याकडच्या शंकरपटासारखाच हा प्रकार. जोडी सुटली, धूळ उडाली, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकाल. लीग हा प्रकार निराळा. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या अंगणात आणि एकदा त्याच्या. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. हे शेतीच्या हंगामासारखे आहे. एका चांगल्या पावसाने पीक हाती येत नाही आणि एका ओढीने ते सारे जातही नाही. पेरणीपासून मळणीपर्यंत टिकतो त्याचेच खळे भरते.

अशी राष्ट्रीय लीग आपल्याकडे सुरू व्हायला 1996 साल उजाडले. खेळाडूंनी पगार घ्यावा, परदेशातून माणसे आणावीत, खेळ हा व्यवसाय म्हणून उभा राहावा, हा त्यामागचा विचार. पहिले अजिंक्यपद पंजाबच्या जेसीटी गिरणीच्या संघाने मिळवले आणि 1998–99 चे गोव्याच्या साळगावकर संघाने. पहिल्या आठ हंगामांतली बाकीची सहाही अजिंक्यपदे कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल या दोन संघांनी वाटून घेतली.

गोव्याच्या संघांची कहाणी तेथल्या लोहखनिजाशी जोडलेली आहे. डोंगर फोडून माती बोटीने परदेशी पाठवणाऱ्या घराण्यांनी फुटबॉलचे संघ पाळले. साळगावकर हे त्यांतले एक घराणे, धेंपे हे दुसरे. 1961 साली गोवा मुक्त झाल्यावर त्याच दशकात डिचोलीतल्या एका क्लबातून धेंपो संघ उभा राहिला. मुंबईच्या रोव्हर्स चषकावर त्याने एकाहून अधिक वेळा नाव कोरले. पण राष्ट्रीय अजिंक्यपद काही त्याच्या हाती येईना. 2003–04 च्या लीगमध्ये ईस्ट बेंगॉल पहिला आला आणि धेंपो दुसरा. त्या हंगामात ईस्ट बेंगॉलकडून गोल करणारा बिनीचा गडी कोण होता? हाच क्रिस्तियानो ज्युनियर. पुढच्या हंगामासाठी धेंपोने त्यालाच आपल्याकडे आणले. आणि बंगळूरला फेडरेशन चषक पहिल्यांदाच धेंपोच्या हाती आला, तो त्याच्याच दोन गोलांनी. त्याच संध्याकाळी तो गेला.

त्या मृत्यूनंतर देशभर चर्चा झाली. मैदानावर तातडीच्या औषधोपचाराची व्यवस्था अपुरी होती, अशी टीका झाली. मोहन बागानच्या गोलरक्षकावर फुटबॉल महासंघाने काही काळ बंदी घातली. तोही अठरा वर्षांचा पोरच होता. चेंडूवर झेप घेणे हेच त्याला शिकवलेले. त्याच्या मनात काय होते हे सांगणारा मी कोण? माझे मन निराळ्याच गोष्टीपाशी अडले.

माझ्या लहानपणी आमच्या घरी एक सालदार होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. पाडव्याला साल ठरे: इतके पैसे, इतकी ज्वारी, एक घोंगडी, जोडा. एका पावसाळ्यात वखराची पास लागून त्यांचा पाय कापला. बाबांनी बैलगाडी जुंपली आणि चिखलातून त्यांना मेहकरच्या दवाखान्यात नेले. दोन महिने ते उठू शकले नाहीत. पण पाडव्याला त्यांचे साल पुरे दिले गेले. मी एकदा म्हणालो, "बाबा, तुम्ही काकांवर उपकार केले." बाबा रागावले. म्हणाले, "उपकार कसला? आपल्या वावरात राबताना लागलं त्यांना. ते ठरावातच आलं."

व्यावसायिक खेळ म्हणजे तरी काय? समुद्रापलीकडून आलेला एक सालदारच तो. त्याने पाय द्यायचे, आपण पगार द्यायचा. परंतु या ठरावात न लिहिलेले एक कलम असते, आणि आपल्या फुटबॉलने व्यवसायाचे नाव घेताना नेमके तेच कलम वाचले नव्हते. पगार ठरले, बक्षिसे ठरली, झेंडे लागले. पडलेल्या माणसाला उचलायचे कसे, हे मात्र पुरते ठरले नव्हते. क्रिस्तियानो वाचलाच असता असे मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण धडपड पुरी झाली एवढे तरी त्याच्या आईवडिलांना सांगता यायला हवे होते.

आणि तरीही लीग खेळायची होतीच. बारा संघ, प्रत्येकी बावीस सामने. ज्याच्या भरवशावर सारा डाव मांडला तोच नाही, अशा अवस्थेत धेंपोचे गडी मैदानात उतरले. प्रशिक्षक होते गोव्याचेच आर्मांदो कुलासो. संघात रांटी मार्टिन्स हा नायजेरियाचा तरुण होता. पुढे आपल्या लीगमध्ये गोलांच्या राशी घालणारा तो हाच. गंमत अशी, की या वेळी खरी चुरस कोलकात्याशी नव्हे, तर शेजारच्याच स्पोर्टिंग क्लब दे गोवाशी लागली. स्पोर्टिंगच्या दुदू ओमागबेमीने एकट्याने 21 गोल केले. 2005 च्या उन्हाळ्यात गुणांची बेरीज झाली तेव्हा धेंपोचे 47 भरले, स्पोर्टिंगचे 45. ईस्ट बेंगॉल तिसरा. धेंपोचे हे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद. दोन गुणांचा फरक म्हणजे एका विजयाच्या किमतीहूनही कमी!

कुलासोंच्या हाताखाली धेंपोने आणखी चार वेळा, 2006–07, 2007–08, 2009–10 आणि 2011–12 मध्ये, राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. मधल्या 2005–06 च्या हंगामात डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईचा महिंद्र युनायटेड विजेता झाला आणि महाराष्ट्राचीही मान उंचावली. पण घराण्यांच्या आणि कंपन्यांच्या ओसरीवर वाढलेल्या या खेळाचे दिवस सारखे नसतात. महिंद्र संघ 2010 साली बंद झाला, जेसीटी 2011 साली. 2016 साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही गोमंतकीय संघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. धेंपो 2024 साली परतला. विजेत्यांची यादी आज कोणी वाचली तर त्यात नुसती नावे आणि साले दिसतील.

परंतु एक गोष्ट त्या यादीत नाही. क्रिस्तियानो धेंपोकडून खेळताना दहा नंबरचा सदरा घालत असे. फुटबॉलमध्ये हा नंबर मानाचा. प्रत्येक तरुण खेळाडू मनातल्या मनात तोच मागतो. धेंपोने तो नंबर त्याच्या मागे कुणालाही द्यायचा नाही असे ठरवले. नऊनंतर एकदम अकरा. जो कोणी नवा गडी संघात येईल तो विचारणारच, की मधला दहा कुठे गेला? आणि कुणालातरी त्याला सांगावे लागणार.

तो सातवीतला मुलगा आता बापमाणूस झाला आहे. पुण्याला एका कारखान्यात नोकरी करतो. दिवाळीला गावी आला की फराळाला घरी येतो. गेल्या वर्षी त्याच्या लेकाच्या अंगात दहा नंबरचा निळा सदरा होता, कुण्या परदेशी खेळाडूचा. चकली खाता खाता मी त्या पोराला ही सारी हकीगत सांगितली. तो ऐकत होता, त्याचा बाप खाली मान घालून बसला होता.

मग बापच हळूच म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी मी विचारलं होतं, गोल धरतात का म्हणून."

मी म्हणालो, "हो. आणि गोल धरला होता. माणूस धरायला मात्र एक नंबर रिकामा ठेवावा लागला."