तारा सैल, म्हणून आवळल्या

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये, ब्रिस्टल गावी, पिअर्सन चुलतभावांच्या कारखान्यात ‘ट्रायटन’ जातीच्या शिडाच्या बोटी तयार होऊ लागल्या; १९५९ ते १९६७ या काळात अशा सातशेच्या आसपास बोटी बांधल्या गेल्या. आराखडा कार्ल आल्बर्ग यांचा, लांबी साडेअठ्ठावीस फूट, अंग फायबरग्लासचं. यांची डोलकाठी तळापर्यंत जात नाही. ती डेकवर उभी असते आणि तिचा भार डेकखालची लाकडी तुळई पेलते. ही तुळई कुजणं हे या जातीचं जुनं दुखणं. खालची बोट आणि तिचा दिवस कल्पित आहे, बिघाड मात्र खरा.

कित्येक वर्षं आधी
दिव्याची वायर आत घ्यायला कुणीतरी डोलकाठीच्या बुडाशी डेकला भोक पाडतो. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड आहे. भोकाच्या कडा बंद केल्या जात नाहीत. पाणी बाल्सात मुरतं, तिथून तुळईत उतरतं.

दोन वर्षं आधी
संडासाचं दार चौकटीत अडकू लागतं. मालक रंधा मारून ते तासतो. दार फुगलेलं नसतं, वरची तुळई खाली आलेली असते.

गेला हिवाळा
डोलकाठीच्या बुडाभोवती बारीक भेगा दिसतात. त्यांवर रंगाचा हात फिरतो. हातोडीने ठोकून पाहिलं असतं, तर टणक डेक टणटणला असता आणि कुजका बद्द वाजला असता.

सकाळी ८:०० (७ तास बाकी)
डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा सैल लागतात. मालक टर्नबकल फिरवून त्या आवळतो. घात इथेच होतो. तारा काठीला नुसत्या धरत नाहीत, खाली दाबतातही. त्यांतला जवळजवळ सगळा ताण काठीच्या बुडावर उतरतो. काठी खचली म्हणून तारा सैल पडल्या, आणि त्या आवळल्या की काठी आणखी खचणार.

११:०० (४ तास बाकी)
नॅरागान्सेट उपसागरात वारा मंद. सगळं ठीक वाटतं.

१:३० (दीड तास बाकी)
उन्हाळी दुपारी इथे नैर्ऋत्येचा समुद्री वारा भरतो, तसा तो भरतो. बोट कलंडते. वाऱ्याआडच्या बाजूची तार थोडी ढिली पडणं स्वाभाविक आहे, पण ही चक्क हिंदकळते. ती आवळली जाते, आणि बाजू पालटल्यावर दुसरीही. सकाळपासूनची ही दुसरी ‘दुरुस्ती’.

२:२० (४० मिनिटं बाकी)
खाली गेलेल्या सोबत्याला संडासाचं दार उघडतच नाही. प्रत्येक लाटेला छतातून करकर ऐकू येते. शिडं उतरवून, इंजिनावर सावकाश परतायची ही वेळ.

२:४० (२० मिनिटं बाकी)
मोठं शीड थोडं आखडलं जातं. धक्का फार लांब नाही, म्हणून बोट शिडावरच पुढे जाते.

३:००
जवळून गेलेल्या मोटरबोटीच्या लाटेवर बोट उचलली जाते आणि आपटते. तुळई मोडते, डेक दोन बोटं खाली बसतो. त्यासरशी सगळ्या तारा एकदम ढिल्या पडतात. मोकळी झालेली काठी डोलते, पुढच्या हिसक्याला एका तारेची पिन तुटते आणि काठी वाऱ्याआडच्या अंगाला पाण्यात कोसळते.

३:०५
आता धोका त्याच तारांचा. त्यांना अडकलेली काठी लाटेगणिक बोटीच्या अंगावर धडका देते आणि भोक पाडू शकते. पिना काढून किंवा बोल्ट-कटरने तारा तोडून ती सोडावी लागते. पंख्यात दोर गुंतलेला नाही, हे पाहूनच इंजिन सुरू करायचं.

धक्क्यावर
हिवाळ्यात टाळलेलं काम आता करावंच लागतं. तेव्हा ते असं झालं असतं: क्रेनने डोलकाठी उतरवायची, खालून जॅक लावून डेक थोडा थोडा मूळ उंचीवर आणायचा, वरचा थर कापून कुजका बाल्सा खरवडायचा, ती जागा इपॉक्सी आणि फायबरग्लासने भरीव करायची आणि तुळई बदलायची. आता त्यात नव्या काठीची, तारांची आणि शिडाची भर पडली आहे. नव्या तुळईखालचे आधार सरळ बोटीच्या कण्यापर्यंत भार पोचवतात का, हे तपासल्याशिवाय नवी काठी उभी करू नये. आणि यापुढे तारा सैल लागल्या, तर टर्नबकलला हात घालण्याआधी खाली उतरून संडासाचं दार लावून पाहावं.