अपत्याच्या ताब्याचे वाद आणि कौटुंबिक न्यायालय : अँटॉप हिलच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१. प्रस्तावना

पती-पत्नी विभक्त झाल्यावर अपत्य कोणाकडे राहावे, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे ब्रिटिश काळापासून आहे. मुंबईत १९८९ साली कौटुंबिक न्यायालय सुरू झाले आणि हे वाद त्याच्याकडे आले. या कालखंडात कायद्याचा भर वडिलांच्या हक्कावरून बालकाच्या हिताकडे सरकला. तथापि हे हित ठरविताना लागणारा कालावधी स्वतःच निर्णायक ठरतो, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पालक व पाल्य अधिनियम, १८९० मध्ये प्रारंभापासून एक अंतर्विरोध होता. कलम १७ पाल्याचे हित पाहण्यास सांगते; मूळ कलम १९ मात्र वडील हयात असून अपात्र नसतील, तर अन्य पालक नेमण्यास मज्जाव करीत असे. मुंबई उच्च न्यायालयाने १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निर्णयात आई किंवा वडील यांच्या हितापेक्षा अज्ञान बालकाचेच हित सर्वोपरी मानले. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ ने कलम १३ मध्ये हेच तत्त्व स्वीकारले. परंतु कलम ६ नुसार नैसर्गिक पालक प्रथम वडील व त्यांच्यानंतर आई असा क्रम ठेवला. पाच वर्षांखालील बालकाचा ताबा तेवढा सामान्यतः आईकडे दिला. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ ‘अनुपस्थितीत’ असा लावला. कलम १९ मध्ये वडिलांसोबत आईचा उल्लेख येण्यास २०१० साल उजाडले.

३. कौटुंबिक न्यायालय आणि अँटॉप हिल

कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ ने वादाची रीत बदलली. पक्षकारास वकील देण्याचा हक्क राहिला नाही. त्यासाठी न्यायालयाची अनुमती लागते. समुपदेशकामार्फत समेटाचा प्रयत्न आणि बंद दालनात सुनावणी यांची तरतूद झाली. समंजस वयाच्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. मात्र ती त्यांच्यावर बंधनकारक नसते.

कायद्याचे हे तत्त्व प्रत्यक्षात निवाऱ्याच्या प्रश्नाशी जोडलेले आहे. अँटॉप हिल येथे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, तशीच कोकरी आगार, बंगालीपुरा यांसारखी दाट वस्तीही आहे. सरकारी निवासस्थान कर्मचाऱ्याच्या नावे असते. साहजिकच विभक्त होताना दुसऱ्या जोडीदाराला घर सोडावे लागते. पत्नी मुलाला घेऊन कोकणात वा घाटावर माहेरी गेली, तर वाद वांद्र्याच्या न्यायालयात चालावा की तिकडे, हाच पहिला वाद होतो. कारण १८९० च्या अधिनियमातील कलम ९ नुसार अधिकारक्षेत्र पाल्याच्या सामान्य वास्तव्यावरून ठरते.

४. कालावधीचा प्रश्न

अंतिम निकाल लागेपर्यंत अंतरिम आदेशावर भागवावे लागते. मूल जेथे आहे तेथेच रुळते, त्याची शाळा व सोबती तेथलेच होतात. पुढे हीच स्थिरता ‘हित’ म्हणून मांडली जाते. ज्याच्याकडे मूल आहे, त्याला विलंब लाभदायक ठरतो. दुसरा पालक ठरलेल्या दिवशी भेटणारा पाहुणा होतो. २००१ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ मध्ये साठ दिवसांची मुदत घातली. ती मुलांच्या निर्वाहाच्या व शिक्षणाच्या अंतरिम अर्जांसाठी, आणि तीही ‘शक्यतो’. ताब्याच्या अर्जाचा त्यात उल्लेख नाही. विधी आयोगाने २०१५ साली २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दूर राहणाऱ्या पालकास दूरदृश्य संवादाद्वारे संपर्क मिळावा, असे सांगितले.

५. निष्कर्ष

शतकाहून अधिक काळात ‘मूल कोणाचे’ या प्रश्नाची जागा ‘मुलाचे हित कशात’ या प्रश्नाने घेतली, ही निःसंशय प्रगती होय. परंतु बालपण निकालाची वाट पाहत नाही. पाच वर्षांच्या मुलाचा वाद तो दहा वर्षांचा होईपर्यंत चालला, तर निर्णय न्यायालयाने नव्हे, काळाने दिलेला असतो. म्हणूनच ताब्याच्या अंतरिम अर्जांनाही निश्चित कालमर्यादा असणे अगत्याचे वाटते.