‘नक्को’ कुठून आला?

वर्गात एक मुलगा म्हणाला, “मेरेकू नक्को.” बाकीचे हसले. अशुद्ध उर्दू! (पूर्वी मीही अशा ठिकाणी लाल शाई वापरायचो.) पण हा ‘नक्को’ म्हणजे आपला मराठी ‘नको’च. ‘मैंच’, ‘अबीच’ यांतला ‘च’सुद्धा इथलाच.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादला आणली. पुढे राजधानी परत गेली, बरीच कुटुंबं मात्र दख्खनमध्येच राहिली आणि त्यांची बोली दख्खनी झाली. युरोपात ९११ नंतर नॉर्मंडीत वसलेल्या नॉर्स लोकांनी काही पिढ्यांत स्वतःची भाषा टाकून फ्रेंच धरली. इथे टाकली नाही, मिसळली. आपल्या जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद तर आणखी पुढे गेले. सतराव्या शतकात त्यांनी ‘योगसंग्राम’ थेट मराठी ओवीत लिहिला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘नको’ आणि ‘नक्को’ शेजारी शेजारी लिहिले.