शून्यलब्धी, एहसा आणि ‘डो’ : कलनाच्या मराठी वर्गाचा इतिहास

देवनहळ्ळी परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात बेळगाव, निपाणी किंवा भालकी येथून येणारा मराठीभाषक विद्यार्थी पहिल्याच वर्षी बहुचल कलनाला सामोरा जातो. आंशिक अवकलज, जॅकोबियन, द्विगुण व त्रिगुण समाकलन हे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या प्रथम वर्षाचे ठरलेले घटक आहेत. या विद्यापीठाची स्थापना १९९८ साली बेळगावी झाली; म्हणजे बेळगावचा विद्यार्थी आपल्याच गावी आखलेला अभ्यासक्रम शिकण्यासाठी सुमारे पाचशे किलोमीटर दक्षिणेस येतो. पुस्तक इंग्रजी, शंकानिरसन बरेचसे कन्नड, आणि मनातल्या मनात आकडेमोड मराठी. आंशिक अवकलजाचे वळणदार ‘डी’सारखे चिन्ह लजांद्रने १७८६ साली योजले आणि याकोबीने १८४१ मध्ये रूढ केले. आपल्याकडील वर्गांत त्याचा उच्चार ‘डो’ असा होतो. हा शब्द ग्रीक नाही, धड इंग्रजी नाही, कोणत्याही भारतीय भाषेचाही नाही. पण अखिल भारतीय आहे.

या विद्यार्थ्याच्या भाषिक स्थितीला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचा आरंभ अनपेक्षित ठिकाणी होतो. १८२३ साली मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली अभियंते घडविणारी संस्था निघाली, ती मराठी व गुजराती माध्यमातून. हटनच्या गणितग्रंथांची मराठी भाषांतरे याच गरजेतून झाली. अभियांत्रिकीचे गणित मराठीत शिकविता येईल काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. शिकवायचे म्हणून शिकविले गेले.

बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांचे ‘शून्यलब्धी’ हे कलनगणितावरील पुस्तक याच वातावरणातले. ‘दर्पण’कार म्हणून त्यांचे स्मरण होते, एल्फिन्स्टनमधील गणिताचे अध्यापक म्हणून क्वचितच. या शीर्षकापाशी थोडे थांबावयास हवे. लब्धी म्हणजे भागाकाराचे फळ. लीलावतीच्या परंपरेतील कोणत्याही पंतोजीला हा शब्द ठाऊक होता. भाज्य व भाजक दोन्ही शून्याकडे जात असता जी लब्धी उरते ती शून्यलब्धी. इंग्रजी संज्ञा फरकाकडे बोट दाखविते. मराठी संज्ञा थेट कूटस्थानाकडे, शून्याने शून्याला भागण्याच्या पेचाकडे. हे भाषांतर नव्हे, विवरण आहे. पुढे रूढ झालेला ‘अवकलन’ हा शब्द निर्दोष आहे, परंतु तो ऐकून विद्यार्थ्याला काहीही दिसत नाही.

त्याच सुमारास काशीत दुसरी वाट चोखाळली जात होती. पुण्यात जन्मलेले आणि बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन करणारे बापूदेवशास्त्री यांनी १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भास्कराचार्यांना अवकलनाचे तत्त्व अवगत होते असे प्रतिपादिले. आधार होता ‘सिद्धांतशिरोमणी’तील ग्रहाच्या तात्कालिक गतीचा. दोन वर्षांनी स्पॉटिसवुड यांनी या दाव्याची व्याप्ती आवरती घेतली. श्रेय कोणाचे, हा वाद मला दुय्यम वाटतो. बापूदेवांच्या हाती ‘तात्कालिक’ हा तयार शब्द होता, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाला अधिक बोलकी वाटावी. त्यांच्या जागी आलेल्या सुधाकर द्विवेदींनी हिंदीत ‘चलन-कलन’ लिहिले. परंतु तात्कालिकतेची कल्पना एका चलावर, काळावर, उभी आहे. राशी अनेक चलांवर अवलंबून असेल तर एक हलवावा लागतो आणि बाकीचे हेतुपुरस्सर स्थिर धरावे लागतात. या कृतीला ‘आंशिक’ म्हणणे ही आपल्या परिभाषेची दुबळी जागा आहे. ‘आंशिक सत्य’ म्हणणाऱ्या भाषेत आंशिक अवकलज हा अपुरा, उणा अवकलज वाटतो. दोष मूळ युरोपीय संज्ञेचा, हे खरे. पण तो आपण जपून आणला. जांभेकरांचा शब्द टिकता तर ‘क्ष-शून्यलब्धी’, ‘य-शून्यलब्धी’ अशी साधी जोडी सहज घडली असती.

तो टिकला नाही, याचे कारण भाषेत नसून वर्गात आहे. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात माध्यमाचा वाद पेटला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. जगन्नाथ शंकरशेट व जर्व्हिस देशी भाषांच्या. पुढे १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले ते इंग्रजी माध्यमाचे. उच्च गणिताचा मराठी वर्गच उरला नाही. वर्गावाचून परिभाषा म्हणजे वापरात नसलेली नाणी.

मराठवाड्याची कथा निराळी. निजामी राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि त्यासाठी भाषांतर विभाग आदल्याच वर्षी उभा राहिला होता. तेथे गणित घेणाऱ्या मराठी मुलापुढे कलन आले ते ‘एहसा’ या नावाने. अवकलन म्हणजे ‘तफर्रुक़ी एहसा’, समाकलन म्हणजे ‘तकमुली एहसा’. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत काढून टाकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. त्यांतील गणिताच्या विद्यार्थ्याला एकाच विषयाची भाषा अर्ध्या वाटेवर बदलावी लागली असणार: घरी मराठी, हैदराबादेत उर्दू, नागपुरात इंग्रजी. उर्दूचा हा प्रयोग मराठी समीक्षेने केवळ राजकीय अन्यायाच्या खात्यात टाकला. मराठीवर अन्याय झाला हे निर्विवाद. तथापि भारतीय भाषेत पदवीपर्यंत कलन शिकविता येते, हे प्रत्यक्ष वर्ग चालवून दाखविले ते तिथेच.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठी, कन्नड आदी भाषांतून अभियांत्रिकी पदवीस अनुमती दिली आणि पिंपरी-चिंचवड येथे संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. जर्व्हिसच्या संस्थेनंतर १९८ वर्षांनी. देवनहळ्ळीतल्या भालकीच्या विद्यार्थ्याला मात्र निवड करायचीच तर ती इंग्रजी आणि कन्नड यांतून करावी लागते, आणि दोन्हीकडे तो चिन्हाला ‘डो’च म्हणणार.