सजगता-साधना आणि जुनाट वेदना

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे किंवा पुनःपुन्हा उद्भवणारे दुखणे न झिडकारता, त्याकडे शांतपणे लक्ष देऊन पाहण्याचा अभ्यास. कंबरदुखी, अर्धशिशी अशा विकारांत तो औषधोपचारांच्या जोडीने केला जातो.

भारतातले याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३). मंडालेत जन्मलेल्या या व्यापाऱ्याला तीव्र अर्धशिशी होती. कळ आली की मॉर्फिन टोचून घ्यावे लागे आणि त्याचे व्यसन जडण्याची धास्ती असे. परदेशी उपचारही निष्फळ ठरल्यावर ते रंगूनला ध्यानसाधना शिकवणारे सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. केवळ डोकेदुखी घालवायची असेल तर शिकवणार नाही, असे गुरूंनी बजावले. ही अट फार मोलाची आहे. दुखणे आज किती कमी झाले हे मोजत बसणाऱ्याचे लक्ष दुखण्यालाच चिकटून राहते. गोएंकांनी १९५५ मध्ये पहिले साधना-शिबिर केले आणि त्यांची अर्धशिशी ओसरली. १९६९ मध्ये त्यांनी मुंबईत शिबिर घेतले. १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सुरू झाले.

गोएंकांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या मौन शिबिरात आधी श्वासावर लक्ष ठेवतात, मग डोक्यापासून पायापर्यंत संवेदना निरखतात. चौथ्या दिवसापासून तासभर न हलता बसण्याचा संकल्प करतात. गुडघा ठणकू लागतो. नीट पाहिल्यास त्या ठणक्यात उष्णता, ताण, ठोके असे बदलते घटक दिसतात. ‘हे कधी थांबणारच नाही’ ही धास्ती त्यांहून वेगळी असल्याचे कळते. साधनेचा खरा उपयोग इथे आहे.

रुग्णालयात सजगता-साधना १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयात आणली. त्यांचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे. जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (२०१६) सहा महिन्यांनंतर दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा झालेल्यांचे प्रमाण सजगता-गटात ६०.५ टक्के, बोधात्मक वर्तनोपचाराच्या गटात ५७.७ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात ४४.१ टक्के होते. म्हणजे वर्तनोपचाराच्या तोडीचा गुण आला. दुखणे समूळ गेले, असा याचा अर्थ नाही.

पाठीचा त्रास असणाऱ्याने खुर्चीवर बसून साधना केली तरी चालते. गंभीर मनोविकारात दहा दिवसांचे शिबिर टाळावे. नवे दुखणे, बधिरता किंवा ताप असल्यास आधी डॉक्टरांकडे जावे, आणि चालू औषधे त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.